एकसष्ट किलो चारशे ग्रॅम

कंपनीने त्याला दिलेल्या डिझेल गाडीत एकच गुण होता आणि तो घरात सगळ्यांना पाठ होता. लिटरला चोवीस. त्यापलीकडे तिच्याकडून कुणी काही मागू नये. चढाला लागली की ती अशी कण्हायची, की मागचे लोक भोंगा वाजवायचं सोडून काळजीने बघत. एसी लावला तर पुढे जाण्याचा विषय आपोआप मागे पडे. रंग ओल्या सिमेंटचा. बायको तिला गाडी म्हणतच नसे. ‘ते’ म्हणे. ते आलं का दुरुस्त होऊन, ते दारातून जरा पुढे घ्या.

तो वजनकाटे दुरुस्त करायचा. गोदामं, दवाखाने, भंगारवाले, दिवसाला सव्वाशे किलोमीटर सहज. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना व्यायामाला नेण्याचं काम त्याच्याकडे आलं, कारण फिजिओथेरपीच्या बाईंचा दवाखाना त्याच्या रोजच्या रस्त्यावर होता. मंगळवार आणि शुक्रवार. गाडीची सीट जमिनीला टेकायची तेवढी राहिलेली. बाबांना आधी पाठ आत घालावी लागे, मग एक पाय, मग दुसरा दोन्ही हातांनी उचलून. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, सहा महिन्यांत पाय मोकळा झाला तर झाला, नाहीतर काठी कायमची.

त्याच आठवड्यात साहेबांचं पत्रक आलं. येत्या सहा महिन्यांत ज्याच्या गाडीचं ॲव्हरेज सर्वांत चांगलं, त्याचा नव्या गाडीसाठी प्राधान्याने विचार होईल. नवी गाडी उंच होती, सीट कमरेच्या पातळीला. पत्रक वाचताना त्याला बाबाच दिसले, उभ्याउभ्या सरळ आत सरकणारे. म्हणून त्याने ठरवलं. बाबांसाठी ठरवलं, हे तो पुढे बरेच दिवस विसरला नव्हता.

आधी स्टेपनी गेली. मग जॅक, मागची सीट, पायाखालच्या चटया आणि मुलीने आरशाला लटकवलेलं अस्वल. आकडा पंचवीसवर आला आणि तिथे अडकला. एका संध्याकाळी त्याने दुरुस्तीला आलेला एक काटा घरी आणला आणि बाबांना त्यावर उभं केलं. बाबांना वाटलं, तब्येतीची चौकशी आहे. एकसष्ट किलो चारशे ग्रॅम. त्याच्या कपाळाला आठ्या पडलेल्या बघून बायकोने विचारलं, वजन उतरलंय का, जेवण कमी पडतंय का. तो म्हणाला, उलट.

बाबांनी मनाला लावून घेतलं नाही. सहा महिन्यांचाच प्रश्न आहे, मग उंच गाडी येतेय, हे त्यांना पटलं. ते बसने जाऊ लागले. मंगळवारी आणि शुक्रवारी तो त्याच थांब्यावरून जाई आणि बाबा तिथे उभे असत. गाडी थांबवून पुन्हा सोडण्यात डिझेल फार जातं, म्हणून तो नुसता हात करी. बाबाही हात करत, काठी नसलेला.

सहा महिन्यांनी यादी लागली. सव्वीस पॉइंट दोन, पहिला नंबर. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला, पाठ थोपटली आणि नवी गाडी ‘फटाक्या’ला दिल्याचं सांगितलं. फटाक्या म्हणजे दोनदा क्लच जाळलेला सहकारी, ॲव्हरेज अकरा.

“त्याची गाडी बदलावीच लागणार होती,” साहेब समजुतीने म्हणाले. “तुमची सव्वीस देतेय. ती काढायला मला काय वेड लागलंय?”

त्याने प्राधान्याच्या विचाराची आठवण करून दिली. विचार केला ना, साहेब म्हणाले. शिवाय आता सव्वीस पॉइंट दोन हा सर्वांसाठी नियम करतोय, खाली आला की गाडी जमा, स्वतःच्या स्कूटरवर फिरा. तुमच्यामुळे सगळ्यांना शिस्त लागेल. ऑफिसात त्या दिवसापासून त्याच्याशी कुणी बोलेनासं झालं.

त्याच आठवड्यात फिजिओथेरपीच्या बाईंनी सुनेला बाजूला घेतलं. पाय अजून मोकळा झालेला नाही, फार तर आणखी तीन महिने हातात आहेत. पण बसमध्ये उभं राहणं आधी बंद करा, आम्ही इथे जे कमावतो ते हे तिकडे घालवून येतात.

रात्रीच्या जेवणाला बायकोने मार्ग काढला. काटे तपासायला डिकीत वीस वीस किलोची लोखंडी वजनं असत. त्यातली तीन घरी ठेवा, म्हणाली, म्हणजे बाबांची जागा झाली. वजनं कमी नेणं म्हणजे काटा अर्धवट तपासून बरोबर असल्याची सही करणं. त्याने रात्रभर विचार केला आणि सोमवारी सकाळी तीन वजनं व्हरांड्यात उतरवली.

मंगळवारी बाबा अर्धा तास आधी बूट घालून बसले होते. बसायला उंची यावी म्हणून सुनेने शिवलेली गादी काखेत होती. तो गाडी पुसत होता. बराच वेळ पुसत होता.

“काल किती आला?” बाबांनी विचारलं.

“सव्वीस पॉइंट नऊ.”

“आणि मला घेऊन?”

“सव्वीस चार होईल.”

“म्हणजे चालतंय की,” बायको दारातून म्हणाली.

“चालतंय. पण समोरून वारा असला तर?”

बायको वाऱ्याबद्दल काहीतरी बोलणार होती. बाबांनी तिच्या हातात गादी दिली, कठड्याला धरून उठले आणि बस किती वाजता आहे, असं तिला विचारलं.

तिला माहीत नव्हतं.

“आठ वीसची गेली असेल,” तो काच पुसत म्हणाला. “आठ पन्नासची मिळेल. तिला गर्दी असते, पण दांडा चांगला आहे धरायला.”