मार्सेलिनच्या टाळ्या

दोन हजार एकवीसच्या लॉकडाऊनमध्ये मी, नॉर्बर्ट, सिडनीत पेंडल हिलच्या फ्लॅटमध्ये एक अजरामर पॉवर पॉप गाणं करायला घेतलं. म्हणजे खणखणीत गिटार, गोड चाल आणि तीन मिनिटांत जीव तुटेल असं प्रेम. आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात शिरून गायलो. कोरसला टाळ्या हव्या होत्या, म्हणून बायकोला, मार्सेलिनला, हाक मारली.

"एकदाच हं, डाळ शिजतेय," असं म्हणून ती वैतागून टाळ्या वाजवून गेली.

गाणं मी वसईच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवलं आणि कौतुकाची वाट बघत बसलो. बऱ्याच दिवसांनी मावशीचा फोन आला.

"नॉर्बर्ट, टाळ्या कोणाच्या रे? काय झकास वाजवल्यात!"

खालच्या मजल्यावरचा लॉयड तर जिन्यात थांबून म्हणाला, "ग्रेट क्लॅप्स, मेट!"

नाताळात हॅरिस पार्कला मित्राकडे जमलो, तेव्हा लोकांनी मार्सेलिनला टाळ्यांची फर्माईश केली. मी मुकाट्याने गिटारवर साथ दिली.

एका पाहुणीने विचारलं, "हे कोण?"

"माझे मिस्टर," मार्सेलिन म्हणाली. "शिकतायत अजून."