दुसरी टक

चन्नवीर माझा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनिया झाला. गोळ्यांनी त्याच्या कानात बोलणारी माणसं गप्प झाली, पण बाकीचं काही गप्प होईना. पंखा, शेजारचा मिक्सर, जिन्यावरच्या चपला, सगळं एकाच जोरानं त्याच्यावर आदळायचं.

"लक्ष देऊ नकोस रे," मी वैतागून म्हणायची.

"मी देत नाही अक्का. ते ओढून घेतात."

धारवाडला डॉ. उल्लागड्डी बाईंचा यावरच अभ्यास चालला होता. गदगहून आम्ही दोन खेपा घातल्या. एकदा वीज गेली, एकदा मशीन बिघडलं. तिसऱ्यांदा एकदाच्या चन्नवीरच्या डोक्याला वायरी चिकटल्या. कानात अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं 'टक', 'टक' असे दोन आवाज, मग जरा शांतता, पुन्हा दोन. असं अर्धा तास.

बाईंनी आलेख दाखवला. "पहिल्या टकेला मेंदू दचकतो. दुसरीला म्हणतो, 'कळलं, कळलं,' आणि सोडून देतो. याचा सोडत नाही. बघा, दोन्ही उंचवटे सारखेच."

मला रडूच आलं. "हा कागद द्या बाई. आमचे अप्पा याला ढोंगी म्हणतात, त्यांच्या तोंडावर मारते."

"देता येणार नाही. एवढ्यावरून कुणा एकाचं निदान होत नाही. हे फक्त अभ्यासासाठी आहे."

"मग औषध?"

"यावर नेमकं असं अजून नाही."

मी उठले, तशा त्या म्हणाल्या, "भावंडांचीही नोंद घेतो आम्ही. बसता का?"

रागातच बसले. अर्ध्या तासानं त्या माझ्या आलेखाकडे पाहत राहिल्या. माझे उंचवटेही जवळजवळ सारखे होते.

"घाबरू नका. पुष्कळ भावंडांत सापडतं हे. तुम्ही आजारी नाही."

"मग तो का आजारी? मी का नाही?"

"अजून माहीत नाही."

खाली कँटीनमध्ये चुरमुऱ्यांचं गिरमिट समोर घेऊन बसलो. चन्नवीर माझ्याकडे टक लावून बघत होता.

"अक्का, तुलापण? मग शाळेत शिकवताना काय करतेस?"

"ओरडते," मी म्हणाले.

खरंच होतं ते. एखाद्या पोरीनं पेन्सिल आपटली तरी मी अख्खा वर्ग उभा करायची. कडक शिस्तीची बाई म्हणून माझं नाव होतं. घरी येऊन दार लावून पडायची आणि याला मात्र सांगायची, लक्ष देऊ नकोस.

घरी पोचलो तर अप्पा दारातच. "काय निघालं?"

"मेंदूला दार लावता येत नाही त्याच्या. माझ्यापण."

"औषध दिलं?"

"नाही."

"मग तीन खेपा कशाला मारल्यात?"

मी चन्नवीरच्या मागोमाग त्याच्या खोलीत गेले, पंखा बंद केला आणि घामानं भिजत त्याच्या शेजारी बसून राहिले.