पॉलिशवाल्या आजोबांच्या मास्कची डबी

मित्रांनो, मी एक जुनी, काळ्या पोटाची डबी आहे. लाकडी सामानाला पॉलिश करणाऱ्या आजोबांच्या मास्कला मी जोडलेली असे. पोटात कोळसा आहे म्हणून नाक मुरडू नका. भट्टीत वाफेवर भाजून त्याला डोळ्यांना न दिसणारी अगणित भोकं पाडली होती. विषारी वाफांचे कण त्या भोकांच्या भिंतींना चिकटून बसत आणि आजोबांना स्वच्छ हवा मिळे.

बसण्याची रीत मात्र मोठी वाकडी. स्पिरिटचे हलके कण धावत येऊन आधी जागा पकडत. मागून थिनरचे जड कण सावकाश येत, पण त्यांची पकड घट्ट. जागा संपली की ते आधीच्यांना सरळ उठवत. बळी तो कान पिळी! सुरुवातीला जागा भरपूर होती, म्हणून सगळं निभावलं.

खाली पॉलिशची खोली आणि वरच्या मजल्यावर आजोबांचं घर. तान्ही नात त्यांनी वाजवलेली शीळ ऐकल्याशिवाय झोपत नसे. त्या शिळेचा श्वास माझ्या हवाली आहे, याचा मला अभिमान वाटे.

काम संपलं की आजोबा मला पॉलिशच्या खोलीतच खिळ्याला अडकवत. हाताशी असावी म्हणून. पण मला तोंड मिटता येत नाही हो! सुट्टीच्या दिवशीही वाफा येतच राहत. माझं पोट कधी भरलं, कुणालाच कळलं नाही.

मग शीळ मध्येच तुटू लागली. नात रडायची. आजोबा म्हणायचे, "वय झालं माझं, दुसरं काय!"

एके सकाळी थिनरचं काम चालू असताना त्यांनी मास्क काढला. "स्पिरिटचा वास येतोय."

दाराशी आजी खुर्चीला पॉलिश पेपर मारत होत्या. "स्पिरिट? तो डबा तर आठवडाभर उघडलाच नाही! द्या बघू इकडे." त्यांनी मला हुंगलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "अहो, वास खोलीत नाही, ह्या डबीत आहे. मागचं सगळं बाहेर टाकतेय ही. आणि तुम्ही तेच छातीत ओढताय!"

खरंच होतं ते. थिनरने उठवलेलं स्पिरिट आजोबांच्या श्वासात जात होतं. मला फार वाईट वाटलं.

नवी डबी आली. काम संपताच आजी तिला घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात आणि डबा वर नेतात. मलाही त्यांनी एका बरणीत घातलं.

काल वरून शीळ ऐकू आली. न तुटता, शेवटपर्यंत. मग सगळं शांत झालं, म्हणजे नात झोपली असणार.

मित्रांनो, जो तुमच्यासाठी राबतो, त्याला काम संपल्यावर नीट झाकून ठेवा. माझ्या बरणीचं झाकण छान घट्ट आहे. ते मला रोज संध्याकाळी हवं होतं.