सगळ्यात वरचा कागद

खरेदीदारांचा वकील फोनवर फारच गोड बोलत होता, तेव्हाच लेस ट्रॅस्कने ओळखलं की काहीतरी बिनसलंय. घर घेणाऱ्याला सावध करणारा इशाऱ्याचा कागद कायद्याने करारात सगळ्यात वर हवा, वकील म्हणाला, तो वरून दुसरा निघाला. सबब त्याच्या अशिलांनी बोसातोबाईंचं घर घेणं रद्द केलं आहे. कायद्याने तशी मुभा होती. अशिलांना दुसरं, स्वस्त घर सापडलंय हे मात्र वकिलाने सांगितलं नाही. ते गावाने सांगितलं.

क्वीन्सलंडमधल्या आमच्या उसाच्या गावात लेस कित्येक वर्षं घरांची दलाली करत होता. सरकारने घरं विकणारे आणि जुन्या गाड्या विकणारे एकाच परवान्याच्या कायद्यात कोंबले, तेव्हा गाडीवाल्यांना फार अपमान वाटला. लेस खूश झाला, कारण इशाऱ्याचा कागद त्याच कायद्याने आणला होता. किनाऱ्यावरच्या गोडबोल्या दलालांनी म्हाताऱ्या माणसांना दलदल विकलेली त्याने पाहिली होती. माणसाने आधी इशारा वाचावा आणि मग मोहात पडावं, हे त्याला पटलं होतं. परवाना चौकटीत घालून त्याने खुर्चीमागे टांगला. त्याच्या लग्नाचा फोटोही कधी इतका सरळ टांगलेला नव्हता.

आणि तरी करार टाचताना त्याने एक चिठ्ठी वर ठेवली. पियाबाई बोसातोंनी ती घराच्या नव्या मालकांसाठी त्याला सांगून लिहून घेतली होती. मागचं दार जरा उचलून ओढा. अंजिराला संध्याकाळी पाणी घाला. आंबे उतरले की शेजारच्या रॉयला द्या, तो स्वतःहून मागणार नाही. लेसला ती इतकी आवडली की ती खाली दडपायला त्याचा हात धजला नाही.

टाऊन्सव्हिलला, लेकीच्या घराजवळ, वृद्धाश्रमात पियाबाईंसाठी एक खोली राखून ठेवली होती. घराचे पैसे आले की ती त्यांची. ती आता दुसऱ्या कुणाला गेली.

लेसच्या वकिलाने बजावलं की काहीही कबूल करू नकोस. लेस तडक बाईंकडे गेला.

खोकी बांधून झाली होती. कॉफीची किटली तेवढी बाहेर होती, तिच्यातून बाईंनी त्याला कॉफी दिली. चूक माझी, लेस म्हणाला, कागद लावताना वरखाली झाले. खोली गेल्याचंही त्यानेच सांगितलं. नवऱ्याने ऊस तोडून तोडून बांधलेलं ते घर बाईंनी मनातून केव्हाच सोडलं होतं. आता त्यात पुन्हा राहायचं होतं.

"तू कागदाचा माणूस कधीच नव्हतास, लेस," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकाला, एन्झोला, तू घरं दाखवायचास तेव्हा कुत्र्याबद्दलच बोलत बसायचास."

"खरंय, पियाबाई."

"माझी चिठ्ठी तरी दिलीस ना त्यांना?"

लेसने कप खाली ठेवला.

"दिली. सगळ्यात वर लावली होती."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या. "खालचं कोण वाचतंय."

तो उठला. पुढच्या दाराशी खोकी रचलेली होती, म्हणून मागून निघाला. दार जरा उचलून ओढलं. ते मुकाट्याने बंद झालं.