नारळ कोणी द्यायचा

चार वर्षं रुकय्या देवगडच्या कोर्टात जात होती, आणि चारही वर्षं तिचा धाकटा दीर दाऊद त्याच एस.टी.त, तिच्या पुढच्या सीटवर बसून, तिच्याच विरुद्ध जात होता. गावातून सकाळी गाडीच एक. त्यामुळे मोठं भांडण कोर्टात आणि खिडकी उघडण्यावरचं गाडीत, अशी वाटणी आपोआप झाली होती.

वाद सड्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या कातळमाळावरच्या, पीरसाहेबांच्या दर्ग्याचा. जागा वक्फची, कारभार बघणारा तो मुतवल्ली. रुकय्याचा नवरा मुतवल्ली होता. तो गेल्यावर झाडलोट, दिवाबत्ती, उरूस सगळं तिनेच सांभाळलं. दाऊद म्हणाला, कारभार पुरुषाकडेच हवा. ती कोर्टात गेली. कोर्टाने ‘जैसे थे’चा हुकूम दिला, म्हणजे निकाल लागेपर्यंत आहे तसंच चालू ठेवायचं, दुरुस्तीलाही कोणी हात लावायचा नाही. दोघांनी तो पाळला. पाळला नाही तो फक्त छपराने. वानरांनी कौलं फोडली, वासा वाकला, आणि गेल्या पावसाळ्यात पाणी थेट मजारीवर ठिबकलं. रुकय्या घरातली पातेली नेऊन मांडत राहिली. यंदा वासाच खाली येणार, हे तिला दिसत होतं.

एप्रिल संपता संपता निकाल लागला. वकील प्राजक्ता तिला व्हरांड्यात घेऊन आली.

“आम्ही हरलो काय गं?”

“नाही मावशी, कोणीच हरलं नाही. कोर्ट म्हणतं, वक्फच्या कारभाराचा वाद ऐकायचा अधिकारच मला नाही. दावा परत दिलाय. तो संभाजीनगरच्या वक्फ न्यायाधिकरणात लावायचा.”

“हे कळायला चार वर्षं लागली?”

प्राजक्ताने फाईलची दोरी उगाच सोडून पुन्हा बांधली.

“आणि छप्पर?”

“तिथे अर्ज करू. दहा जूनची तारीख आहे.”

“दहा जूनला पीरसाहेब पाण्यात असतील गं.” मग जरा थांबून तिने विचारलं, “तो जैसे थे आता कुठे गेला?”

“तो या कोर्टाचा हुकूम होता. दाव्याबरोबर तोही संपला.”

“म्हणजे दहा जूनपर्यंत दर्गा कोणाच्याच कोर्टात नाही?”

“असं मी लेखी देणार नाही,” प्राजक्ता म्हणाली, पण हसली.

परतीच्या गाडीत रुकय्या पहिल्यांदाच दाऊदच्या शेजारी बसली. तो अंग चोरून खिडकीला चिकटला.

“दाऊद, छप्पर शाकारून घेवया. आता आडवणारो कोण नाय.”

दाऊद सावध झाला. दर्ग्याची शाकारणी गावातली शेतकरी घरं करत आली होती, दर घरामागे एक माणूस, मजुरी नाही. फक्त मुतवल्लीने त्या घरांचा मानकरी गंगाराम, त्याच्याकडे नारळ घेऊन जायचं आणि बोलावणं करायचं. ज्याच्या हातून नारळ, त्याला गाव मुतवल्ली मानी. संभाजीनगरलाही कोणीतरी हे विचारणारच, हे दोघांना ठाऊक होतं.

“नारळ मी देतलंय,” तो म्हणाला.

“दी.”

भांडायची तयारी करून बसलेल्या माणसाला हे झेपलं नाही. जामसंडे मागे पडल्यावर तो तिच्याकडे वळला.

“भाभी, ह्यात तुझो कायतरी डाव आसा.”

“आसा. वासो मोडूच्या आधी बदलूचो, ह्यो डाव.”

“थंय मी सांगतलंय हां, नारळ मीच दिलंय म्हणान.”

“सांग. खोटा खंय आसा?”

असं म्हणाली खरी, पण त्याची किंमत तिला ठाऊक होती. चार वर्षांची झाडलोट एका नारळाने पुसली जाणार होती.

दाऊदने नारळ दिला आणि शाकारणीला चौदा माणसं आली. रुकय्याने भात, डाळ आणि टोपभर सोलकढी केली. आढ्यावर बसलेला गंगाराम ओरडला, “भाभी, जेवाण कोणाच्या नावान? नारळवाल्याच्या काय तुमच्या?”

“पीराच्या नावान. खाली बघू नको, पडशीत.”

दुपारपर्यंत नवा वासा चढला, कौलं बसली. आत मजारीवर कवडसा पडला नाही. रुकय्याने दारातून दोनदा बघितलं.

बाहेर दाऊदने गंगारामची सून गौरजा हिच्या हातात मोबाईल दिला. छप्पर दिसेल असा तो उभा राहिला. हा फोटो कुठल्या फाईलीत जाणार, ते रुकय्याला सांगायची गरज नव्हती. टोपी वाकडी, खांद्यावर जळमटं, अशा अवतारात तो छाती काढून उभा होता. ती पुढे झाली. पदराने तिने त्याचे खांदे झाडले, टोपी सरळ केली.

“नीट उभो रव. थंय जज्जाक फोटो दिसतलो.”

“तू पण उभी रव मगे,” दाऊद तिच्याकडे न बघता पुटपुटला.

“माका भांडी घासूची आसत,” ती म्हणाली, आणि फोटोच्या चौकटीबाहेर झाली.