वडिलांची रॅम्बलर

आमच्या गावात माणूस आधी गाडीवरून ओळखायचे, चेहरा मागाहून. नेब्रास्कातलं एवढंसं गाव, मोठा रस्ता एकच. शनिवारी संध्याकाळी शाळेतली पोरंपोरी त्या रस्त्याने बँकेपासून धान्याच्या कोठारापर्यंत जायची, तिथे वळायची आणि परत बँकेपर्यंत यायची. पेट्रोल संपेस्तोवर हेच. समोरून कुणी आलं की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, झाला नमस्कार. अंधारातसुद्धा चूक व्हायची नाही. डावा दिवा मिणमिणता, तो लेलँडचा निळा पिकअप. पिवळी कमॅरो ड्वेनची, ती दिसायच्या आधी ऐकू यायची. कोरीन माझी जिवलग मैत्रीण. तिच्याकडे गाडी नव्हती, म्हणून ती कायम माझ्या गाडीत, माझ्या शेजारी.

माझी कसली, वडिलांची. दुधी रंगाची जुनी रॅम्बलर. वडील बियाणं विकत गावोगाव हिंडायचे. त्या गाडीच्या पुढच्या सीटची पाठ मागे पाडली की अंथरूण व्हायचं, आणि हॉटेलचं भाडं वाचवायला ते तिथेच झोपायचे. मी शेवटच्या वर्गात जायच्या आधीच्या वसंतात ते गेले. आईला गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे किल्ली माझ्याकडे आली. सीटखाली त्यांचा कॉफीचा थर्मास आणि चौकड्यांचं पांघरूण होतं. मी दोन्ही तिथेच राहू दिलं. गाडीत बसलं की कॉफीचा आणि त्यांच्या कोटाचा वास यायचा, आणि शाळेपर्यंतचा रस्ता जरा बरा जायचा.

त्या गाडीवर माझं पुढचं सगळं ठरलं होतं. पलीकडच्या शहरात नर्सिंगच्या वर्गाला जागा मिळाली होती. बस तिकडे जात नव्हती, राहायची सोय आम्हाला परवडणारी नव्हती. रोज गाडीने जायचं आणि परत यायचं, असं मी आणि आईने ठरवून टाकलं होतं.

दर ऑक्टोबरमध्ये शेजारच्या ब्रॅडवेलशी फुटबॉलची मॅच असायची आणि तिच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेत गाडी फोडायची रीत होती. भंगारातली एखादी गाडी आणायची, तिला ब्रॅडवेलचा हिरवा रंग फासायचा, दारावर त्यांच्या कप्तानाचा नंबर काढायचा, आणि एकेक नाणं देऊन ज्याने त्याने घणाचा तडाखा हाणायचा. जमलेल्या पैशांतून बँडचे गणवेश शिवायचे. आम्हाला यात काही वावगं वाटत नव्हतं. आदल्या वर्षी मीही हात साफ करून घेतला होता.

त्या वर्षी भंगारवाला आलाच नाही. माझी रॅम्बलर ब्रेक दुरुस्तीला शाळेच्या वर्कशॉपमागे उभी होती आणि मी त्या दुपारी आईला घेऊन डॉक्टरकडे गेले होते. शेजाऱ्याच्या गाडीतून परत आले तेव्हा पटांगणात एक हिरवा, चेपलेला ढीग पडला होता. नंबर प्लेट पाहून मला कळलं.

ड्वेन म्हणाला, भंगारवाला नेहमी गाडी तिथेच सोडून जातो, आम्हाला वाटलं हीच. बाकीच्यांनीही तेच सांगितलं, अगदी तेच. कोरीन माझ्या गळ्यात पडून रडली. मुख्याध्यापकांनी पोरांची चूक म्हणून विषय संपवला. ड्वेनच्या बापाचं ते कोठार, आणि अर्ध्या गावाचं धान्य त्याच्याकडे पडलेलं, त्यामुळे आईनेही चूक म्हणून विषय संपवला. नर्सिंगची जागा दुसऱ्या कुणाला गेली. मी शाळेच्याच स्वयंपाकघरात कामाला लागले आणि निवृत्त होईपर्यंत त्याच लोकांच्या पोरांना, मग नातवंडांना बटाटे वाढले.

पण मी त्यांना माफ केलं होतं. कशाच्या जोरावर, ते सांगते. गाडी फुटली त्याच्या दुसऱ्या सकाळी आमच्या घराच्या पायरीवर थर्मास आणि घडी घातलेलं पांघरूण ठेवलेलं होतं. थर्मासच्या आतली काचसुद्धा शाबूत. एवढ्या तडाख्यांतून काच वाचली याला मी नशीब म्हटलं, आणि कुणीतरी त्या चुरगळलेल्या पत्र्यात हात घालून माझ्या वडिलांच्या वस्तू काढल्या याला माणुसकी म्हटलं. वर्कशॉपचे सर असणार, अशी माझी खात्री होती. ते वारले तेव्हा मी त्यांच्या थडग्यावर फुलं वाहून आले.

यंदा आमच्या वर्गाला शाळा सोडून पंचेचाळीस वर्षं झाली, म्हणून ड्वेनने स्नेहमेळा ठरवला. कोठार आता त्याचं आहे आणि ती पिवळी कमॅरोही त्याने नव्यासारखी करून ठेवली आहे. त्याने सगळ्यांना फोनवरच्या ग्रुपवर आपापल्या शाळेतल्या गाडीची आठवण लिहायला सांगितलं. काय एकेकाला उमाळे आले! गेलेल्या नवऱ्याबायकांबद्दल ज्यांनी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या, ते मस्टँगच्या सीटकव्हरबद्दल पानंच्या पानं लिहीत होते. लेलँडने कळवलं की तोच निळा पिकअप घेऊन तो येतोय, पण त्याला उशीर होईल. माझ्या गाडीबद्दल मी काही लिहिलं नाही. कुणी विचारलंही नाही.

मी गेले ती थर्मासात कॉफी भरून. मी तो अजून वापरते. शाळेच्या पटांगणात चकचकीत जुन्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, टेबलांवर हॅमची सँडविचं आणि बटाट्याचं सॅलड मांडलेलं होतं, आणि पोटं सुटलेले म्हातारे एकमेकांची बॉनेटं उघडून आत पाहत होते. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ड्वेनने माइक हातात घेतला आणि कोपऱ्यातली ताडपत्री ओढली.

खाली रॅम्बलर होती. कुठल्यातरी भंगारातून शोधून आणलेली, माझ्याच सालची. हिरवा रंग फासलेला, दारावर तोच नंबर. लोक टाळ्या वाजवायला लागले. ड्वेनने ती गोष्ट सांगितली, आणि सांगून सांगून तिला इतकी धार लावली होती की लोक पोट धरून हसत होते. भंगारवाल्याने कसा दगा दिला, आम्ही गाढवांनी चुकून कुणाची गाडी फोडली, आणि बिचारी मार्लिस कशी डोळे वासून उभी राहिली.

"ये गं मार्लिस," तो घण पुढे करत म्हणाला. घणाला रिबीन बांधली होती. "पहिला मान तुझा. तेव्हा तुझं राहून गेलं ना."

मी घण घेतला नाही. गाडीचं दार उघडलं आणि आत जाऊन बसले. का, ते मलाही सांगता येणार नाही. सीटच्या बाजूची दांडी ओढली तर पाठ सरळ मागे गेली. वास मात्र उंदरांचा होता. ड्वेनने वाकून पाहिलं आणि म्हणाला, अगं, फोडायची आहे, फिरायला नाही न्यायची. लोक पुन्हा हसले. मी दार लावून घेतलं आणि पडून राहिले. हळूहळू हसणं थांबलं. कुणीतरी म्हणालं, जाऊ दे, जेवून घेऊ तोवर, आणि माणसं टेबलांकडे वळली.

थोड्या वेळाने पलीकडचं दार उघडून कोरीन आत आली, तिच्या नेहमीच्या जागी बसली. गुडघ्यांमुळे तिला बसायला त्रास झाला. तिने माझा हात धरला. ड्वेन मूर्ख आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस, असं बरंच काही ती बोलली. मग माझ्या मांडीवरच्या थर्मासकडे पाहून तिचे डोळे भरले.

"जपलास की गं तू," ती म्हणाली. "मला वाटलेलं, फेकून दिला असशील. मीच ठेवला होता तुमच्या पायरीवर."

"तू?"

"सांगायचं धाडस नाही झालं. सगळे ओरडत होते, ड्वेन रंगाचा डबा घेऊन आला होता. मी म्हटलं, थांबा जरा, निदान सीटखालचं तरी काढू द्या मला."

मला आधी बरं वाटलं. सर नाहीत, तर कोरीन. पांघरुणाची ती घडी आठवली, कोरीन नेहमी घालायची तशीच. मग ती काय म्हणाली ते माझ्यापर्यंत पोचलं.

"म्हणजे फोडायच्या आधी काढलास."

तिने थर्मासवरची नजर काढून काचेबाहेर पाहिलं.

"म्हणजे तुला माहीत होतं कुणाची गाडी आहे."

कोरीनने हात सोडला नाही. उलट घट्ट धरला. तिचा आवाज अगदी मऊ होता, आजाऱ्याशी बोलतात तसा.

"सगळ्यांनाच माहीत होतं, मार्लिस. रोज आम्हीच बसायचो ना हिच्यात." आणि जरा थांबून म्हणाली, "मला वाटलं, एव्हाना तुला कळलं असेल."

कळायला हवं होतं. जिथे मिणमिणत्या दिव्यावरून माणूस ओळखायचे, त्या गावात भर दुपारी दुधी रॅम्बलर कुणाला ओळखू आली नाही, हे मी पंचेचाळीस वर्षं खरं मानलं. मला ते खरं हवं होतं. नाहीतर त्यांच्या पोरांना वाढताना माझा हात चालला नसता. आणि ज्या थर्मासच्या जोरावर मी सगळं गिळलं, तोच त्यांना सगळं माहीत असल्याचा पुरावा होता. रोज सकाळी मी त्यातून कॉफी पीत होते.

तिने घण मारला का, ते मी विचारलं. ती म्हणाली, एकदाच, सगळे बघत होते म्हणून. कुठे, ते मी विचारलं नाही.

मी थर्मास तिच्या मांडीवर ठेवला. ती म्हणाली, हे काय गं, असं नको ना करू. मी उतरले आणि माझ्या गाडीकडे चालू लागले. ड्वेनने टेबलाकडून हाक मारली, सॅलड तरी खाऊन जा. मी मागे पाहिलं नाही. गाडी सुरू करत होते तेव्हा पत्र्यावर पहिला घण पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ टाळ्या.

मोठ्या रस्त्यावर बँकेपाशी समोरून निळा पिकअप आला. डावा दिवा अजून मिणमिणताच. लेलँडने मला पाहिलं, हसला आणि स्टिअरिंगवरचं बोट उचललं. मी त्याला ओळखलं. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते तसेच राहिले, आणि ओळख न पटल्यासारखी मी समोर बघत निघून गेले.