मांडवातलं बिडीचं ताट

मोनालीच्या लग्नात बिडीचं ताट फिरवायचं नाही, हे तिच्या आईनं, बेबाबाईनं, हळदीच्या आदल्या दिवशीच सांगून टाकलं.

बेबाबाईचे थोरले दीर सुकदेवनाना यावर नाराज झाले. सावद्याच्या आसपासच्या गावांत वऱ्हाड मांडवात टेकलं की आधी पाणी येतं आणि मग ताट येतं. त्यात बिडीबंडलं, काडेपेट्या, तंबाखू, चुना, सुपारी. नवरदेवाकडची मंडळी पिंपळनेरची, त्यांच्याकडेही हीच रीत. ताट नसलं तर व्याह्यांचा मान राखला नाही असं होईल आणि पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागेल, असं नानांचं म्हणणं. बेबाबाई दिरासमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती. तेव्हाही बोलली नाही.

"नाना, तुमचा भाऊ मुंबईहून परत आला, म्हणून या घरात लग्न आहे," एवढंच म्हणाली आणि गहू निवडायला बसली. नाना तोंड पाडून निघून गेले.

मुंबईची गोष्ट त्याआधी दोनेक वर्षांची. बेबाबाईचा नवरा पितांबर केळीचे घड ट्रकमध्ये चढवताना घसरून पडला. बरगडीला मार बसला म्हणून भुसावळला जाऊन एक्स-रे काढला. बरगडी धड होती, पण उजव्या फुप्फुसात खालच्या बाजूला एक डाग दिसला. बिडी कधीपासून ओढता, असं डॉक्टरांनी विचारलं. पितांबरला नीट सांगता येईना, कारण मिसरूड फुटायच्या आधीपासून ती बोटांत होती. पुढे तपासण्या झाल्या आणि कॅन्सर निघाला.

ऑपरेशनसाठी मुंबईला जाताना बेबाबाईबरोबर असलमही गेला. असलम सावद्याचा, केळीची कापणी करणारा, पितांबरचा तरुणपणापासूनचा दोस्त. पहिली बिडी दोघांनी एकाच काडीवर पेटवलेली. तिथल्या मोठ्या दवाखान्यात बाकावर नंबरची वाट बघत बसलं की शेजारी कुणी बिहारचा, कुणी बंगालचा, कुणी तेलंगणाचा. मोडक्या हिंदीत विचारपूस व्हायची. कुणाची सिगारेट, कुणाची बिडी. आसामची एक बाई होती, तिनं स्वतः कधी ओढली नव्हती. नवरा मात्र घरात बसून ओढायचा. हे आपलं एकट्याचं नशीब, असं पितांबरला तोवर वाटत होतं. त्या बाकावर बसून कळलं, की अर्धा देश याच रांगेत आहे. बहुतेक लोक फार उशिरा येतात, कापून काढण्यासारखं काही उरलेलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. पितांबरचं निभावलं ते लवकर सापडलं म्हणून.

असलम चहाच्या निमित्तानं खाली जाऊन बिडी ओढून यायचा. ऑपरेशनच्या दिवशी तो गेला नाही आणि नंतरही कधी गेला नाही. याबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

तर लग्नाच्या दिवशी मांडवात ताट फिरलं, ते असलमच्या हातातलं. त्यात बडीशेप, धनाडाळ, खोबऱ्याचा कीस आणि गुळाचे खडे होते. मंडळींनी चिमूट चिमूट उचललं. ताट तोतारामआबांसमोर आलं. हे नवरदेव कुंदनचे थोरले काका, घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी ताटावरून नजर फिरवली आणि आपल्या अहिराणीत विचारलं,

"बिडी नही का?"

नाही आबा, आज ठेवली नाही, असं असलम नम्रपणे म्हणाला. आबा उठले आणि मांडवाबाहेर गेले. आबा रुसले, अशी कुजबुज सुरू झाली. सुकदेवनाना पितांबरकडे बघत राहिले. बेबाबाईचा चेहरा उतरला.

पितांबर आबांच्या मागे गेला. आबा गोठ्याच्या मागे लिंबाखाली उभे होते. खिशातली बिडी पेटवून त्यांनी एक झुरका घेतला होता आणि आता वाकून खोकत होते. खोकला थांबेना. शेवटी त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि ते घाईघाईनं दुमडलं. पण पितांबरला लाल डाग दिसला होता.

"आबा, हे रक्त कधीपासून?"

आबांनी उपरणं पाठीमागे धरलं. "होळीपाईन," ते म्हणाले. "घरमा कोनलेच सांगेल नही. पोऱ्यानं लगीन व्हई जावो, मंग दखू."

पितांबरनं सदऱ्याची बटणं काढली आणि उजवा हात वर केला. काखेखालून पाठीपर्यंत गेलेला व्रण होता.

"ताट का नाही, ते हे. मी घसरून पडलो म्हणून वाचलो, आबा. तुम्ही पडायची वाट पाहू नका."

आबांनी व्रणाला हळूच बोट लावलं. "दुखस का आते?"

"आता नाही. चढावर दम लागतो. बाकी शेतात जातो, जेवतो. आज पोरीचं लग्न लावतोय."

आबांनी हातातली बिडी खाली टाकून चपलेखाली दाबली. लग्न पार पडलं की हे मी कुंदनला सांगणार, असं पितांबरनं त्यांना तिथेच बजावलं, आणि आबा नाही म्हणाले नाहीत. मांडवात परतल्यावर त्यांनी आपल्या मंडळींकडे बघितलं आणि म्हणाले, "बसा बठ्ठा. लगनले येळ व्हई ऱ्हायना." मग आणखी उशीर नको म्हणून स्वतःच पुढे होऊन अक्षता घेतल्या.

लग्नानंतर कुंदननं दीपनगरच्या वीजकेंद्रातल्या नोकरीतून रजा काढली आणि आबांना धुळ्याला नेलं. पितांबरही गेला. आबांच्या एक्स-रेतही डाग होता. सगळ्यांनी मनातल्या मनात एकच शब्द धरला होता आणि कुणी तो उच्चारत नव्हतं. रिपोर्ट येईपर्यंत पितांबरला जेवण गोड लागलं नाही. आपला आजार परका माणूस भोगतोय असं त्याला वाटत राहिलं.

बेडका तपासल्यावर निघाला टीबी. स्कॅनमध्येही गाठ कुठे दिसली नाही. गोळ्या न चुकता पूर्ण घेतल्या तर हा बरा होतो, घरच्यांनीही तपासून घ्यावं आणि बिडी आजपासून बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुंदन बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडला. टीबी ऐकून इतके खूश झालेले नातेवाईक आपण पहिल्यांदाच पाहिले, असं नर्स म्हणाली.

गोळ्यांनी आबांचं पोट बिघडायचं, चिडचिड व्हायची. एकदा त्यांनी बिडी पेटवलीही. मोनालीनं ती बघितली आणि समोर बसून राहिली. दोन झुरक्यांत त्यांनी ती विझवली. त्यानंतर तलफ आली की ते पितांबरला फोन लावायचे. बोलणं पाऊस, केळीचा भाव, कांदा यांवरच व्हायचं.

ताटाशिवाय मांडव ओकाबोका दिसला, असं सुकदेवनाना अजून म्हणतात. त्यांची बिडी चालूच आहे.

थंडीत पितांबर आणि बेबाबाई पिंपळनेरला गेले. आबांचा कोर्स संपला होता, अंगावर मांस आलं होतं. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन दोघे पुरुष लाटीपाडा धरणाकडे फिरायला निघाले. चढ आला तसा पितांबर मागे पडला. आबा थोडं पुढे जाऊन एका दगडावर बसले आणि खिशातून उकडलेल्या शेंगा काढून सोलू लागले. पितांबर पोहोचला तेव्हा त्यांनी सोललेले दाणे त्याच्या हातावर ठेवले. पाण्यावर वारा होता. श्वास जागेवर आल्यावर दोघे पुन्हा निघाले.